गीझरला जोडलेली टाकी

१७ नोव्हेंबर

तुझं पत्र पोचलं. फोन न करता लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला बिनसतं. पत्रात निदान पान संपेपर्यंत कोणी मधे बोलत नाही. मीही यापुढे पत्रच लिहीन.

घरात नक्की काय चाललंय असं तू विचारलंस. आत्याने तुझ्या कानावर घातलं की 'तुझ्या बायकोने म्हाताऱ्याला भिंती फोडायला लावलंय'. भिंत एकच आहे आणि ती फोडलेली नाही, तिला दोन भोकं पाडली आहेत. पाडून घेतली ती तुझ्या बाबांनी. मी त्या वेळी दुकानात एका बाईंना चष्म्याच्या फ्रेमा दाखवत होते.

क्रमाने सांगते. गेल्या महिन्यात तू लिहिलंस की मार्चअखेर नवीन घराचा ताबा मिळेल, मग ट्रक घेऊन येशील आणि तुझी माशांची टाकी आणि बाबा दोन्ही घेऊन जाशील. असंच लिहिलं होतंस, आधी टाकी आणि मग बाबा. तू हे घर सोडलंस तेव्हा बाबा तात्पुरते इथे राहतील असं ठरलं होतं. त्याला वर्ष झालं. त्या भिजत घोंगड्याचा तू निकाल लावलास, याबद्दल माझी तक्रार नाही. मी ते पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते 'बरं' म्हणाले, चष्मा पुसला आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी टाकीतला हीटर बिघडला. त्यानंतर बघते तर बाबा हातात टेप घेऊन बाथरूमची भिंत मोजत होते.

तुझी टाकी ज्या भिंतीला टेकून आहे तिच्या पलीकडेच गीझर आहे, हे तुझ्या लक्षात असेल. बाबांची कल्पना अशी: गीझरमधलं गरम पाणी नळीने भिंतीतून इकडे आणायचं, टाकीत बुडवलेल्या एका वेटोळ्यातून फिरवायचं आणि छोट्या पंपाने परत गीझरमध्ये सोडायचं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. वेटोळं तापतं, त्याच्याभोवतीचं पाणी तापतं, मासे खूश. पाणी पुरेसं तापलं की पंप आपोआप बंद होतो, गार झालं की चालू. बाबांनी हे मला कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावलं. मी म्हटलं, "बाबा, हीटर नवा मिळतो ना दुकानात." ते म्हणाले, "हीटर आज आहे, उद्या नाही. हे कायमचं काम आहे."

तुझ्या बाबांनी नोकरीची सगळी वर्षं दुकानात उभं राहून नळ आणि गीझर विकले, पण स्वतःच्या हाताने एकही बसवला नाही, हे तुला मी सांगायला नको. सगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं त्यांना तोंडपाठ आहेत. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते मात्र दर वेळी विचारावं लागतं. म्हणून प्लंबर बोलावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "वडील का तुमचे?" मी हो म्हटलं. सगळं समजावत बसायला वेळ नव्हता.

सहाही डिस्कस मासे ठीक आहेत. निळा अजूनही सगळ्यांना कोपऱ्यात दाबतो.

कळावे.


३ डिसेंबर

पंप चालू झाला. टाकीतलं पाणी अठ्ठावीसवर टिकतं आहे. तू विचारलंस म्हणून आधी हे.

आता पहिल्या फजितीचं. बाबांनी वेटोळं तांब्याचं करून घेतलं होतं. तांबं लवकर तापतं, हे त्यांना माहितीपत्रकामुळे माहीत होतं. माशांना ते विषारी असतं, हे माहितीपत्रकात नव्हतं. आधी टाकीतल्या गोगलगायी काचेवरून वर चढल्या, पार पाण्याच्या बाहेर, आणि तिथून टपाटप खाली पडल्या. बाबांना वाटलं त्यांना पाणी फार गरम होतंय. ते दोन अंशांनी कमी करून बघत होते. मी ॲक्वेरियमवाल्याला फोन केला. त्याने वेटोळं कशाचं आहे एवढंच विचारलं आणि मी सांगितल्यावर देवाचं नाव घेतलं. अर्धं पाणी बदललं, वेटोळं काढलं, स्टीलचं बसवलं. मासे वाचले, गोगलगायी गेल्या. संध्याकाळी बाबा म्हणाले, "दुकानात असतो तर परत घेतलं असतं गिऱ्हाईकाकडून."

दुसरी गोष्ट आंघोळीची. गीझर एक आणि गिऱ्हाइकं तीन: मी, बाबा आणि मासे. मी आंघोळीला गेले की गरम पाणी माझ्याकडे येतं आणि गीझरमध्ये गार पाणी भरतं. तेवढ्यात पंप चालू झाला तर टाकीत गार पाणी फिरायला लागतं. म्हणून आता आमच्या आंघोळी माशांना विचारून होतात. मी उठले की बाबा थर्मामीटर बघतात आणि सांगतात, "जा आता," किंवा "थांब, जरा चढू दे." काल माझ्या केसांना साबण लागलेला असताना बाहेरून आवाज आला, "सूनबाई, आवर. अर्धा अंश गेला." मी गार पाण्याने केस धुतले. दुकानात मालकाने विचारलं सर्दी झाली का. मी म्हटलं माशांमुळे. त्याने पुढे विचारलं नाही.

गीझरच्या बटणावर बाबांनी कागद चिकटवलाय: 'बंद करू नये'. आंघोळ झाली की गीझर बंद करायचा, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. कागद नसता तर पहिल्याच आठवड्यात माती झाली असती.

तुझी आत्या परवा येऊन गेली. ती मला आधीपासूनच पाण्यात पाहते, आता पाण्याची टाकीच समोर मिळाली. नळ्या बघून म्हणाली, "हे असलं काय दादा या वयात?" बाबा म्हणाले, "या वयात वेळ असतो." मग दोघं हसले. बहीण-भाऊ हसताना अगदी सारखे दिसतात, हे मी प्रथमच पाहिलं.

ट्रकबद्दल तू विचारलंस. मार्चला अजून अवकाश आहे.


५ जानेवारी

तुझं छोटं पत्र मिळालं. मी त्यांना डोक्यावर चढवून ठेवलंय, असं तुझं म्हणणं आहे. असेल. डोक्यावरून उतरवायचं कसं ते तू आलास की दाखव.

नळ्या चटकन निघतील का, हे मी प्लंबरला विचारलं. तो म्हणाला, "निघतील की. पण काकांनीच सांगितलंय पक्कं करा, परत हलायला नको. भिंतीत सिमेंट भरलंय. टाकी हलवायची तर आधी हे सगळं काढावं लागेल." त्याने हे बाबांच्या समोर सांगितलं. बाबा त्या वेळी माशांना खायला घालत होते.

बाबा वाळलेत, असं आत्याने तुला सांगितलं. वजन तेवढंच आहे, शर्ट जुने आहेत. डोळ्यांची तपासणी मीच दुकानात केली, नंबर बदललाय, नवा चष्मा दिलाय. जाड काचेने ते घुबडासारखे दिसतात. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "घुबडाला निदान दिसतं तरी."

त्यांना तुझ्याकडे करमेल का, याबद्दल तू माझं मत मागितलंस. ते मला विचारू नकोस. वडील तुझे आहेत.


९ फेब्रुवारी

वकिलाकडून आलेले कागद मिळाले. तू आधी कळवलं होतंस, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. पाकीट संध्याकाळी आलं होतं, मी ते सकाळी उघडलं. आपल्यामध्ये आता कोणाचं कोणाकडे काहीही मागणं राहणार नाही, असं एक वाक्य तिसऱ्या पानावर आहे. वाक्य चांगलं आहे, स्वच्छ आहे. मी ते वाचून आंघोळीला गेले.

दोन मासे मेले, हे तुला लगेच सांगते. निळा त्यातला एक.

झालं असं. बाबा आदल्या दिवशी आत्याकडे राहायला गेले होते. घरात थर्मामीटर बघणारं कोणी नव्हतं आणि हाका मारणारंही कोणी नव्हतं. मी शॉवरखाली उभी राहिले. रडत होते, हे लिहायला हरकत नाही. गीझर रिकामा होईपर्यंत उभी राहिले, मग पाणी गार झालं तरी उभी राहिले. बाहेर येताना हात आपोआप बटणावर गेला आणि मी गीझर बंद केला. कागद तिथेच होता. 'बंद करू नये' या अक्षरांवरच बोट ठेवून मी तो बंद केला असणार.

मग मी दुकानात गेले. इकडे गीझरमध्ये बर्फासारखं पाणी भरलेलं आणि बाथरूमची खिडकी उघडी. टाकी गार झाली म्हणून पंप चालू झाला आणि पंप चालू होता म्हणून टाकी आणखी गार होत राहिली. माणसाला हे कळतं, पंपाला कळत नाही. तो बिचारा दिवसभर इमाने इतबारे टाकी थंड करत होता.

संध्याकाळी येऊन बघते तर दोन तळाशी आडवे आणि उरलेले चार काळे पडून एका कोपऱ्यात. गीझर चालू केला, पण एवढं पाणी त्याने किती वेळात तापणार. तेव्हा मला तो बिघडलेला हीटर आठवला. वाटलं, कोणाकडून तरी तेवढ्यापुरता दुरुस्त करून घेऊ. बाबा वस्तू टाकून देत नाहीत. त्यांच्या कपाटात स्वेटरखाली, टॉवेलमध्ये नीट गुंडाळलेला सापडला. दुरुस्तीवाल्याकडे न्यायच्या आधी आपलं उगीच म्हणून बादलीत बुडवून लावून पाहिला. दिवा लागला. पाणी तापलं.

मी तो टाकीत लावला आणि समोर खुर्ची घेऊन बसले. चार मासे वाचले. पाणी हळूहळू चढत गेलं तसे ते कोपरा सोडून पुढे आले.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. आधी टाकीकडे गेले, मग चारच मासे मोजले, मग काचेला लागलेला हीटर पाहिला. चपला काढायच्या राहिल्या होत्या, त्या तशाच पायात.

"गीझर बंद झाला माझ्याकडून," मी म्हटलं.

"बराच वेळ आत होतीस?"

"हो."

"त्याचे कागद आले का?"

मी मान डोलावली. ते खुर्चीवर बसले. मीच म्हटलं, "बाबा, हीटर चालतोय."

"चालणारच. चांगल्या कंपनीचा आहे."

"मग हे सगळं कशाला?"

त्यांनी नळ्यांकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "हीटरचं काय, प्लग काढला की टाकी उचलता येते," ते म्हणाले. "त्याने लिहिलं होतं ना, टाकी आणि मी एकत्रच जाणार म्हणून."

एवढंच बोलले आणि चपला काढायला गेले. मी हे तुला लिहिते आहे कारण तुझ्या वडिलांनी जे केलं ते तुला कळायला हवं. सुतावरून स्वर्ग गाठायची मला सवय नाही, पण यात गाठण्यासारखं काही उरलेलंच नाही. त्यांना यायचं नाही. तुला नाही म्हणणं त्यांना जमत नाही, आणि राहू का असं मला विचारणंही जमत नाही. म्हणून त्यांनी प्लंबर बोलावला.

सह्यांचं थोडं थांब. एका वाक्याबद्दल मला विचारायचं आहे. तुला नाही, वकिलाला.


२४ फेब्रुवारी

मी वकीलबाईंकडे जाऊन आले. तिसऱ्या पानावरचं ते वाक्य दाखवलं आणि विचारलं की यात एक अपवाद घालता येईल का. त्या म्हणाल्या, घाला की, काय हवंय, फर्निचर? मी म्हटलं, सासरे.

त्यांना आधी वाटलं मी गंमत करते आहे. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की मुलांचा ताबा मागतात, सासऱ्यांचा मागत नाहीत. ते धडधाकट आहेत, त्यांना हवं तिथे ते राहतील, त्याला कुठल्याच कागदाची गरज नाही. कागद झाल्यावर ते माझे कोण लागतील, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कायद्याने कोणी नाही. मी म्हटलं, म्हणजे माजी सासरे. ऐकायला माजी मंत्र्यांसारखं वाटतं. त्या हसल्या आणि मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांना विचारलंय का, की राहाल का म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. सबंध हिवाळ्यात एकदाही नाही. तुझे वडील, तुझा निर्णय, मी मधे पडणारी कोण, असं मी स्वतःला समजावत होते आणि तुलाही तेच लिहीत होते. खरं सांगायचं तर मला भीती होती. मी विचारलं आणि ते म्हणाले, 'नको, मी मुलाकडेच जातो,' तर ते मला ऐकायचं नव्हतं. त्यापेक्षा गार पाण्याने केस धुणं सोपं होतं.

घरी आले तेव्हा बाबा छोट्या जाळीने पाण्यावरचा कचरा काढत होते. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"बाबा, मार्चमध्ये तुम्ही जाऊ नका. इथे राहा."

"त्याला काय सांगणार?"

"हेच."

"तुझी अडचण होईल."

"ती रोजच होते."

त्यांनी जाळी बादलीत झटकली. "अगं, पण ते कागद झाल्यावर मी तुझा कोण?"

"ते वकीलबाईंनाही माहीत नाही," मी म्हटलं. "पण मी कामावरून आले आणि घरात तुम्ही नसलात, तर मला ते चालणार नाही. मला तुम्ही हवे आहात."

इतकं सरळ मी कोणाशी कधी बोलले नव्हते. तुझ्याशीही नाही. ते पाण्यावर वाकले. चष्म्यावर वाफ आली होती, तो त्यांनी पुसलाही नाही.

"राहतो," ते म्हणाले.

त्या रविवारी मी बाजारातून आले तर प्लंबर भिंतीतलं सिमेंट उकरत होता. नळ्या काढायच्या असं बाबांनी त्याला फर्मावलं होतं. तो वैतागला होता. "आधी म्हणे पक्कं करा, आता म्हणे काढा. काकांचं काय चाललंय मला कळत नाही ताई." मीही जरा नाराज झाले. एवढी खटपट करून बसवलेली गोष्ट, चांगली चालत होती, मला तिची सवयही झाली होती. बाबा म्हणाले, "सोड. तुझ्या आंघोळीचे हाल होतात." मग त्यांनी प्लंबरला बसवून घेतलं आणि तांब्याच्या वेटोळ्याची गोष्ट सगळी पहिल्यापासून सांगितली, गोगलगायींसकट. स्वतःच्या फजितीवर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बाबांना तुझ्यावर राग नाही. मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "त्याला वाटलं असेल आपण आपलं कर्तव्य करतोय. लहानपणापासून तसाच आहे, सांगितलेलं काम संपवून मोकळा होतो." यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते तू ठरव. महिन्यातून एकदा तू फोन करावास असं त्यांना वाटतं. हे त्यांनी मला तुला सांगायला सांगितलेलं नाही.

सह्या केलेले कागद सोबत आहेत. अपवाद घातलेला नाही, ते वाक्य जसं होतं तसंच आहे. तुझ्याकडे माझं काही मागणं नाही. जे मागायचं होतं ते मी ज्यांच्याकडे मागायला हवं त्यांच्याकडे मागितलं.

मार्चमध्ये ये. चार दिवस राहा, पुढच्या खोलीत गादी घालीन. बाबांशी बोल, वाद घालायचा तर तोही घाल, त्यांना तुझ्याशी वाद घालून फार दिवस झालेत. टाकी आता कशालाच जोडलेली नाही. चार माणसांनी उचलली की निघेल. चार मासेही ने. मी बाबांना विचारलं, तर म्हणाले त्याचीच आहे, नेऊ दे. प्रवासात पाणी गार होऊ देऊ नकोस.

सामान चढवताना ते तुझ्या मदतीला खाली येतील, ट्रकच्या मागे उभे राहून सूचना देतील, दोऱ्या ओढून बघतील. मग तू निघशील आणि ते माझ्याबरोबर जिना चढून वर येतील.